विद्यार्थ्यांचे इतिहास-प्रकल्प : एक परीक्षण

शाळा-महाविद्यालयांतून हल्लीं जे इतिहासविषयक प्रकल्प लिहवून घेतले जातात, त्यांपैकीं कांहीं आमचेकडे अभिप्रायार्थ आले. विद्यार्थ्यांचे परिश्रम प्रशंसनीय आहेत. परंतु ‘पेशवेकालीन समाज’ एवढा अफाट विषय घेऊन चार छापील पुस्तकांतील उतारे एकत्र करणें यास संकलन म्हणावें, संशोधन नव्हे. यांत विद्यार्थ्यांपेक्षां विषय नेमून देणारांचा दोष अधिक आहे.

आमच्या मतें विद्यार्थ्यानें एकच अस्सल कागद घ्यावा व तो कोणाच्या दप्तरांतला हें आरंभींच नमूद करावें. मग त्यांतील मोडी मजकूर अक्षरशः बाळबोधींत उतरावा. मोडींत शब्द तोडून लिहिलेले नसतात व ऱ्हस्वदीर्घाचा भेदही पाळलेला नसतो. म्हणून जेथें पदच्छेद संशयित असेल तेथें तसें सांगावें, आणि न लागलेलें अक्षर तर्कानें भरूं नये.

पुढची पायरी कालनिर्णयाची. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे सुहूर सन ११६१. हा सन मृगास, म्हणजे जूनच्या आरंभीं, पालटतो. सबब इसवी सन काढण्यास तेथून डिसेंबरअखेर ५९९ व जानेवारीपासून ६०० मिळवावे लागतात. सरसकट ५९९ मिळविणारा, १७६१ च्या जानेवारींत झालेला पानिपतचा संग्राम एक वर्ष मागें ओढील!

अखेरीस कागद अन्य साधनांशीं ताडून पाहावा. बखरींच्या आधारें शिवजन्माचा शक १५४९ मानीत असत. १९१६ सालीं टिळकांनीं प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलींत फाल्गुन वद्य ३, शके १५५१ ही मिति आढळली, व शिवभारतानेंही तिला दुजोरा दिला. शकावलींतील एका ओळीनें रूढ समजूत ढळली ती अशा ताडून पाहण्यामुळेंच.

या रीतीनें लिहिलेलीं चार पानें चारशें पानांच्या संकलनाहून आम्ही अधिक मोलाचीं समजूं. मात्र त्यासाठीं संग्राहकांनींही आपले रुमाल सोडले पाहिजेत. मूळ कागद हातीं देणें नको असेल तर छायाचित्र द्यावें. मोडी वाचणारी नवी पिढी तयार न झाली, तर जपून ठेवलेलें दप्तर आपल्यामागें घरच्यांस रद्दीच वाटेल.