भूमिका सुटल्यावर

मानसशास्त्राचा आधार घेणारी आपली पात्रसमीक्षा बहुतेकदा ठरलेल्या वाटेने जाते. सिद्धान्त मांडायचा, पात्र कोणत्या कप्प्यात बसते ते सांगायचे आणि थांबायचे. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’ (१९७०) या नाटकातले नट गणपतराव ऊर्फ अप्पासाहेब बेलवलकर यांच्या वाट्यालाही हेच येते. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सनने ‘चाइल्डहुड अँड सोसायटी’ (१९५०) या ग्रंथात आयुष्याच्या आठ अवस्था सांगितल्या. शेवटची वार्धक्याची. जगून झालेले आयुष्य आपले म्हणून स्वीकारता येते, की वैफल्य उरते, हा तिच्यातला पेच. अप्पासाहेब म्हातारे, बेघर, खचलेले. म्हणजे आठवी अवस्था. हे निदान चुकीचे नाही, पण ते नाटक न वाचताही करता येते.

मला पाचवी अवस्था अधिक महत्त्वाची वाटते. ती पौगंडावस्थेची. ‘मी कोण’ याचे उत्तर सापडले नाही की जे होते, त्याला एरिक्सन भूमिकांचा गोंधळ म्हणतो. जुने पेच पुढच्या वयात पुन्हा उभे राहतात, असेही तो सांगतो. नटाला ‘भूमिका’ हा शब्द किती शब्दशः लागू पडावा! उभा जन्म दुसऱ्यांच्या तोंडची वाक्ये जगलेला हा माणूस निवृत्त होतो, सारी मालमत्ता मुलांना वाटून मोकळा होतो आणि जी भूमिका कधीच पाठ केली नाही, ती करायला उभा राहतो : मुलाच्या घरातल्या म्हाताऱ्याची.

वार्धक्याच्या आधीची सातवी अवस्था पुढच्या पिढीच्या जोपासनेची. घर आणि पैसा दिला की जोपासना झाली, असे अप्पा समजले. खरी जोपासना नातीबरोबरच्या खेळात होती, आणि नेमकी तीच सुनेला खुपली. मग लेकीच्या घरी चोरीचा आळ, पत्नी कावेरीचा मृत्यू, आणि शेवटी रस्ता. तिथे बूटपॉलिश करणारा राजा नावाचा पोरगा भेटतो. आता पोरगाच म्हाताऱ्याला सांभाळतो, आणि म्हाताऱ्याला पुन्हा कुणीतरी आपले मिळते. रक्ताच्या नात्यांनी नाकारलेली सातवी पायरी आठवीवर उभे असताना परत हाती येते. अवस्थांचा सरळ क्रम इथे मोडतो, आणि समीक्षेचे खरे काम इथूनच सुरू व्हायला हवे.

कारण पात्र म्हणजे रुग्ण नव्हे. मनोविश्लेषक अर्नेस्ट जोन्सने हॅम्लेटच्या दिरंगाईचे मूळ त्याच्या बालपणीच्या ईडिपस गंडात शोधले. पण शेक्सपिअरने ते बालपण लिहिलेलेच नाही. बेलवलकरांचे बालपणही आपल्या हाती नाही. हाती आहे तो शेवटचा प्रवेश. मरणाच्या दारात अप्पा आपण वठवलेल्या पात्रांची नावे घेतात आणि त्याच रांगेत स्वतःचे नाव ठेवतात. हा भूमिकांचा गोंधळ, की अखेर सापडलेली ओळख? एरिक्सनच्या तक्त्यात यासाठी दोन वेगळे रकाने आहेत. शिरवाडकरांनी दोन्ही एकाच श्वासात घातले.

या नाटकावर लिहिणाऱ्या अभ्यासकांना म्हणून विनंती आहे : हा प्रवेश आधी मोठ्याने वाचा, आणि मग एरिक्सनचा तक्ता उघडा.