मुखपृष्ठावरील नामाक्षरे

बडोद्याहून १९४३ साली पु. आ. चित्रे यांनी सुरू केलेल्या मासिकाचे नाव 'अभिरुचि' लिहावे की 'अभिरुची', असा प्रश्न आमच्या एका विद्यार्थ्याने प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणात उपस्थित केला. प्रश्न वरकरणी क्षुल्लक. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखननियमांनी तत्सम शब्दांतील अन्त्य इकार दीर्घ केला, आणि नियमनिष्ठ मुद्रितशोधकांनी विशेषनामांनाही तोच न्याय लावला. आज त्यामुळे दोन्ही रूपे भेटतात. १९४३ च्या लेखनप्रथेप्रमाणे नाव ह्रस्वान्त असणार, हे अनुमान सोपे आहे. पण अनुमान म्हणजे पुरावा नव्हे. तेव्हा मुखपृष्ठच पाहून यावे, असे मी त्यास सुचविले.

दोन दिवसांनी तो रिकाम्या हाताने परतला. ज्या ग्रंथालयात तो गेला होता तेथील बांधीव खंडांत मुखपृष्ठे नव्हती. बांधणीपूर्वी मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकण्याची तेथील रीत जुनी होती. लेख, कथा, कविता सारे जपले गेले. अंकाचा चेहरा मात्र रद्दीत गेला. आतील पानांवर नाव होते खरे, पण ते जुळाऱ्याने हाताशी असलेल्या खिळ्यांत जुळविलेले नाव. मासिकाच्या कर्त्यांनी चित्रकारापुढे बसून, चार वेळा खोडून, पुन्हा काढून घेतलेले नाव ते नव्हे. या दोहोंत फरक आहे, एवढेच प्रस्तुत टिपणात सांगावयाचे आहे.

मुखपृष्ठाविषयी आपल्याकडे जे थोडेफार लिहिले गेले ते चित्राविषयी. 'मनोरंजन'ने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ ही मराठी घरात येणारी एक चित्रसंपदाच होऊन बसली. १९४५ साली 'दीपावली' सुरू करणारे दीनानाथ दलाल आणि त्यांचे समकालीन रघुवीर मुळगांवकर, दोघेही गोमंतकाचे, यांच्या रंगांनी दोन पिढ्यांची दृष्टी घडविली. 'ललित'च्या दिवाळी अंकांवर वसंत सरवटे यांनी ठणठणपाळाच्या सोबतीने काढलेली लेखकांची व्यंगचित्रे तर साहित्यव्यवहाराची टीकाच होती. हे सारे गौरवास पात्र आहे. तथापि चित्र अंकागणिक बदलते; नावाची अक्षरे वर्षानुवर्षे तीच राहतात. वाचक नियतकालिक ओळखतो ते त्या अक्षरांवरून. आणि अक्षरे ही भाषेची वस्तू असल्यामुळे त्यांच्या घडणीविषयी भाषाविज्ञानाला काही बोलण्याचा अधिकार आहे, असे मला वाटते.

प्रथम एक साधे निरीक्षण. रोमन लिपीतील मोठी अक्षरे दोन समांतर रेषांच्या पट्ट्यात बसतात. देवनागरी तीन मजली आहे: शिरोरेषेवर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार, मध्ये अक्षराचे अंग, खाली उकार, ऋकार. कोणत्या नावाच्या कोणत्या मजल्यावर किती गर्दी व्हावी हे चित्रकार ठरवीत नाही, नावाची वर्णरचना ठरवते. 'सत्यकथा' हे नाव पाहा. चार अक्षरे, रेषेवर काही नाही, रेषेखाली काही नाही. १९३३ पासून १९८२ पर्यंत चाललेल्या या मासिकाच्या नावाला वर्णांनीच एक सपाट, शांत मांडणी बहाल केली होती. याउलट 'किर्लोस्कर'. पहिल्या अक्षरावर वेलांटी, दुसऱ्यावर रफार आणि मात्रा एकत्र, आणि पुढील दोन अक्षरांवर काहीच नाही. नाव डावीकडे जड होते, उजवीकडचे आकाश मोकळे राहते. त्यात १९२० साली निघाले तेव्हा ते होते 'किर्लोस्कर खबर': कारखान्याचे वृत्तपत्रक. पुढे 'खबर' गळाले. त्या एका शब्दाच्या लोपाने प्रकाशनाची जातच बदलली. खबर कारखान्याची असते, मासिक वाचकांचे. शं. वा. किर्लोस्कर हे स्वतः चित्रकलेचे शिक्षण घेतलेले संपादक असल्यामुळे या गोष्टीचे महत्त्व त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्याच संस्थेच्या 'स्त्री'चा (१९३०) प्रश्न तर अगदीच निराळा. ते अवघे एक अक्षर. तीन व्यंजनांचा भार एका दीर्घ ईकारावर तोललेला. त्याला शेजारी नाही, म्हणून डावे-उजवे असा तोलही नाही. 'मनोरंजन' आणि 'ललित' ही नावे चित्रकाराच्या दृष्टीने भाग्यवान, कारण त्यांचा वरचा भार मधोमध आहे.

जाहिरातकलेच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांतून आलेला 'नाव वरच्या कडेला भिडवा' हा उपदेश देवनागरीला कसा मारक ठरतो ते यावरून ध्यानात यावे. कडेला भिडलेली शिरोरेषा म्हणजे कापणीच्या पात्याखाली दिलेली मात्रा. एका महाविद्यालयाच्या वार्षिकावर औकाराचा ओकार झालेला मी पाहिला आहे. संपादकांच्या ते अंक वाटून झाल्यावर लक्षात आले.

येथे थोडे विषयांतर करतो. नावांची घडण केवळ वर्णांची नसते, व्याकरणाचीही असते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील 'विविधज्ञानविस्तार', १९१० चे 'चित्रमयजगत्' ही सामासिक नामे. मुखपृष्ठावर ती एखाद्या संस्थेच्या पाटीसारखी उभी राहतात. साठच्या दशकातील लघुअनियतकालिकांनी हे नामपद झुगारले. अशोक शहाणे यांचे 'असो' हे तर क्रियापद, 'अस' धातूचे आज्ञार्थी तृतीय पुरुषी रूप. आणि मराठीत त्याचा उपयोग बोलणे आटोपते घेण्यासाठी होतो. बोलणे संपविण्याचा शब्द पहिल्या पानावर! 'आत्ता' आणि 'फक्त' ही क्रियाविशेषणे. चंद्रकान्त खोत यांचे 'अबकडइ' म्हणजे नुसते वर्ण, आणि तेही वर्णमालेच्या क्रमाने नव्हेत; इंग्रजी वर्णक्रमाची सावली पडलेला, आपल्या प्रश्नपत्रिकांत रुळलेला तो क्रम आहे. लघुअनियतकालिकांच्या बंडाविषयी पुष्कळ लिहिले गेले, पण ते बंड मुखपृष्ठावर शब्दजातीच्या पातळीवर आधीच घडून गेले होते, याची दखल कमी घेतली गेली. असो.

या विचारांना प्रत्यक्ष कसोटी लागली ती आमच्या विभागाच्या पत्रिकेचे मुखपृष्ठ नव्याने करण्याचे ठरले तेव्हा. चित्र नको, केवळ अक्षरे असावीत, यावर मतैक्य झाले. त्याला सौंदर्यदृष्टीइतकेच आर्थिक कारणही होते. 'संशोधन पत्रिका' ही दोन पदे. मुखपृष्ठाचे काम एका तरुण संकल्पकाने अतिशय आस्थेने केले. त्याचा पहिला कच्चा आराखडा दिसायला देखणा होता. सारी अक्षरे वर्तुळ आणि सरळ रेषा एवढ्यांतूनच घडविलेली, आणि दोन्ही पदांवरून एकच अखंड शिरोरेषा पानाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेलेली. मंडळी प्रसन्न झाली. तेवढ्यात पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थिनीने आत डोकावून विचारले, "सर, हे 'संशोघन' काय आहे?"

चूक कोठे झाली ते पाहण्यासारखे आहे. 'ध' आणि 'घ' यांना वेगळे करणारी लक्षणे दोन: एक, 'ध'च्या डाव्या टोकाचे वळण; दुसरे, त्याच्या माथ्यावर शिरोरेषेत पडणारा खंड. 'भ' आणि 'म' यांचेही तसेच. नेहमीच्या लेखनात दोन्ही लक्षणे एकत्र येतात, म्हणजे एकच भेद दोनदा सांगितला जातो. भाषेला अशा पुनरुक्तीची सवय आहे. 'त्या मुली गेल्या' या वाक्यात अनेकवचन तीन ठिकाणी सांगितलेले असते, आणि ऐकणाऱ्याचे एक निसटले तरी अडत नाही. संकल्पकाने भूमितीच्या शुद्धतेसाठी वळण काढले. तेवढे चालले असते. मग अखंडतेच्या मोहाने खंडही बुजविला. एका लक्षणाचा लोप ही शैली असते. दोन्हींचा लोप झाला की अक्षरच बदलते. आणि कोणते लक्षण सोडता येईल, कोणते नाही, हे डोळा एकटा सांगू शकत नाही, कारण डोळ्याला दोन्ही रेषाच दिसतात.

संकल्पकाने प्रतिवाद केला, आणि तो विचार करण्याजोगा होता. मोडी लिहिताना आधी ओळभर रेघ ओढून घेत आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहीत. शब्दांत अंतर ठेवण्याची रीतही नव्हती. मग अखंड शिरोरेषा मराठीला परकी कशी? मला क्षणभर उत्तर सुचले नाही. पुढे विचार करता असे दिसले की मोडीत रेघ आधीपासून सर्वत्रच असल्यामुळे ती भेदक नसते. भेद सांभाळण्याचे काम अक्षराच्या अंगावर पडते. देवनागरीने ते काम अंशतः रेषेकडे सोपविले आहे. एका व्यवस्थेतील रेषा दुसरीत आणायची तर तिच्याबरोबर तिचे श्रमविभाजनही आणावे लागते. हे मी त्यास सांगितले. त्याने वाद घातला नाही. दुसऱ्या आराखड्यात वळण परत आणून रेषा मात्र अखंडच ठेवली. हा तोडगा माझ्या सर्व व्याख्यानांपेक्षा शहाणपणाचा होता. तिसऱ्या आराखड्यात 'पत्रिका' हे पद लहान आकारात खालच्या ओळीत गेले, कारण एकाच रेषेखाली दोन्ही पदे जोडली जाऊन सलग वाचली जात होती.

अनुस्वाराबद्दल मात्र मला माघार घ्यावी लागली. 'सं'वरील बिंदूचा त्याने ठसठशीत चौकोन केला होता. मी हरकत घेतली, ती वस्तुतः सवयीपोटी. अनुस्वाराच्या बाबतीत भेदक असते ते स्थान; आकार चौकोनी असो, ज्योतीसारखा असो, वाचनात बाध येत नाही. दिवाळी अंकांवर अनुस्वाराच्या पणत्या झालेल्या आपण पाहतोच. चंद्रकोर मात्र त्या बिंदूखाली काढू नये. तसे केले की उत्सवाच्या भरात अनुस्वाराचा चंद्रबिंदू होतो, आणि मराठी शब्द हिंदी लेखनपद्धतीचा पोशाख घालून उभा राहतो.

शेवटचा आणि अद्याप न सुटलेला प्रश्न 'श'चा. महाराष्ट्र शासनाने २००९ सालच्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' ही रूपे प्रमाण मानली. संगणकावर मात्र या अक्षरांच्या मराठी आणि हिंदी रूपांना निरनिराळे संकेतांक नाहीत. 'ल'ला एकच, 'श'ला एकच. कोणते रूप उमटावे हे निवडलेल्या अक्षरसंचावर अवलंबून राहते, आणि पुष्कळ संच आपसूक हिंदी वळणाचे रूप देतात. अर्थभेद होत नसल्यामुळे ही एकाच लेखिमाची दोन रूपे आहेत, त्यांत एवढे काय, असे कोणी विचारील. स्वनांतरेही अर्थभेद करीत नाहीत; पण बोलणारा कोठला हे त्यांवरूनच कळते. खिळ्यांच्या काळात मुखपृष्ठावरील नावाचा ठसा बहुधा चित्रकाराच्या हातच्या अक्षरांवरून केला जाई, म्हणून नियतकालिकाचा उच्चार, असे म्हणता आले तर, त्याच्या नावात टिकून राही. आज तयार संचांतून नाव उचलले जाते आणि तो उच्चार हरवतो. एका मोठ्या दुकानात गतवर्षीचे दिवाळी अंक ओळीने मांडलेले होते, तेव्हा मी केवळ 'ल' आणि 'श' पाहत उभा राहिलो. दुकानदारास माझ्या हेतूविषयी शंका आली असावी. पाकळीचा 'ल' विरळाच होता.

आमच्या मुखपृष्ठावरील देठाचा 'श' संकल्पकाने हाताने काढला आहे. ते त्याचे चौथे रेखाटन. आतील पाने नेहमीच्या संचातच जुळविली गेली, कारण अंकाची वेळ झाली होती. प्रस्तुत अंक हाती असलेल्या वाचकाला मुखपृष्ठावर एक 'श' दिसेल आणि हे वाक्य वाचताना कदाचित दुसरा. अंक बांधणीस जातील तेव्हा मुखपृष्ठे काढू नयेत, असे विभागाच्या ग्रंथपालांना लेखी कळविले आहे. 'अभिरुचि'चा सुटा अंक आमच्या विद्यार्थ्यास अजून मिळालेला नाही. ज्या कोणापाशी मुखपृष्ठासह अंक असेल त्यांनी कृपया विभागाशी संपर्क साधावा.