चित्रांवर आधी बोट कोणाचं?

“तुम्हाला काय करावंसं वाटतं?” ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या या प्रश्नावर जपानी आजोबा बरेचदा म्हणतात, ओमाकासे. म्हणजे, तुम्हीच ठरवा. ओळखीचं वाटतंय ना? आपलं “डॉक्टर म्हणतील तसं” वेगळं काय आहे!

तोमोरी कोउनोसुके आणि सहकाऱ्यांनी यावर ‘अ‍ॅडॉक’ हे आयपॅड अ‍ॅप काढलं. रोजच्या कामांची ९५ चित्रं. पेशंट आणि थेरपिस्ट दोघंही निवडतात, मग उपचारांचं ध्येय ठरतं. शाळकरी मुलांसाठी वेगळी आवृत्ती आहे.

मला ते आवडतं. शब्द हरवलेल्या माणसालाही चित्र ओळखता येतं. खटकतं ते इतकंच: थेरपिस्टनं आधी बोट ठेवलं, की ओमाकासे मागच्या दारानं परत आत. मुलांचं तर विचारूच नका, शेजारी आईबाबा बसलेले असतात.

बाकी, आशियातल्या या विषयाच्या सुरुवातीच्या शाळांपैकी एक मुंबईचीच. कमला निंबकरांनी १९५० साली केईएममध्ये काढलेली; जपानची पहिली १९६३ची. तरी तुमच्या आजीच्या हातात आज नुसता व्यायामाचा चेंडू असेल, तर फोनवर विचारा, त्या हातानं तिला काय करायचंय. वाती वळणं, पोळ्या लाटणं असे पर्याय मात्र सुचवू नका. जरा थांबा, तिला बोलू दे.