कवितेवरचे नाव आणि कवितेतले नाव : प्रथम वर्षाच्या वर्गातील काव्यवाचनाविषयी

पदवीच्या प्रथम वर्षाला कविता नेमलेली असते. ती वाचली जातेच असे मात्र नाही. तासाची सुरुवात कवीच्या परिचयाने होते, पुढे मध्यवर्ती कल्पना सांगितली जाते आणि परीक्षेत ‘रसग्रहण करा’ या प्रश्नाखाली विद्यार्थी तीच कल्पना परत लिहून देतो. कवितेतील एका शब्दाकडेही न पाहता या प्रश्नाचे गुण मिळवता येतात, हे आपण सर्व अध्यापक जाणतो. प्रस्तुत लेखात या दुखण्याच्या एकाच अंगाचा विचार केला आहे. ते अंग म्हणजे कवीचे नाव. हे नाव वाचनाला कोठे अडथळा आणते आणि कोठे उपकारक ठरते, हे वेगळे करून पाहणे प्रारंभिक अभ्यासक्रमात विशेष गरजेचे आहे.

केंब्रिज विद्यापीठात आय. ए. रिचर्ड्‌स यांनी विद्यार्थ्यांना कवीचे नाव न सांगता कविता वाचायला दिल्या, त्यांची लेखी मते गोळा केली आणि त्यांचा अभ्यास १९२९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्यातून काव्यवाचनातील ज्या अडचणी पुढे आल्या, त्यांत रिचर्ड्‌स यांनी पहिले स्थान कवितेचा साधा, सरळ अर्थ न लागण्याला दिले. ठरीव प्रतिक्रिया, असंबद्ध व्यक्तिगत आठवणी, आधीपासून मनात असलेली मते या पुढच्या अडचणी होत. नाव झाकले की वाचकाचा आधार जातो आणि तो शब्दांपुढे एकटा उभा राहतो, हा या प्रयोगाचा मोठा लाभ होय.

आपल्या वर्गांत हा प्रयोग अधिकच निकडीचा आहे. भोपाळहून नर्मदापुरमकडे जाणाऱ्या रस्त्यावर बरकतउल्ला विद्यापीठ मागे टाकले की मिसरोद लागते. अशा परिसरातल्या वर्गात घरी मराठी बोलणारा, हिंदीत शिकलेला आणि कव्वाली-मुशायऱ्यांतून उर्दू कानावर पडलेला विद्यार्थी शेजारीशेजारी बसलेला असतो. कवीचे नाव उच्चारताच यांतील प्रत्येकाच्या मनात कविता आपली की परक्याची, याचा निकाल लागून जातो. त्यानंतर होते ते वाचन नव्हे, त्या निकालाचे समर्थन.

दोन उदाहरणे पाहावीत. पहिले श्रीगोंद्याचे शेख महंमद. सतराव्या शतकातील या संतकवीने ‘योगसंग्राम’ हा ओवीबद्ध ग्रंथ लिहिला, अभंगही रचले. परंतु वर्गात त्यांची ओळख बहुधा राष्ट्रीय एकात्मतेचा दाखला एवढीच राहते. मुसलमान असून मराठीत लिहिले, यातच त्यांचे सारे कर्तृत्व संपवले जाते. हा गौरव दिसायला उदार असला, तरी त्यातील ‘असून’ हा शब्द कवीला उंबऱ्याबाहेरच ठेवतो. तुकारामांच्या अभंगातील शब्दयोजनेची आपण जशी चिकित्सा करतो तशी शेख महंमदांची करत नाही. त्यांना आपण वंदन करतो, वाचत नाही.

दुसरे उदाहरण इक्बालांचे. भोपाळच्या विद्यार्थ्याला इक्बाल मैदान ठाऊक असते. परंतु नाव निघताच चर्चा एकतर तराण्याकडे वळते, नाहीतर फाळणीच्या राजकारणाकडे. १९३५-३६ या काळात इक्बाल भोपाळला नवाब हमीदुल्ला खानांच्या आश्रयाने उपचारासाठी येऊन राहिले. १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘ज़र्ब-ए-कलीम’ हा संग्रह त्यांनी नवाबांनाच अर्पण केला आणि त्यातील काही कवितांखाली त्या रियाज़ मंज़िल व शीश महल येथे लिहिल्याची नोंद केली. वाद नावापाशीच थांबल्याने, आपल्याच शहराचा पत्ता कवितेखाली लिहिलेला आहे इथपर्यंतही वर्ग पोहोचत नाही.

तेव्हा नाव झाकावे, हे खरे. पण येथे रिचर्ड्‌स यांची पद्धत जशीच्या तशी उचलता येत नाही, कारण आपल्या परंपरेत नाव कवितेच्या आतच विणलेले असते. अभंगाच्या शेवटी नाममुद्रा येते, ग़ज़लेच्या मक्त्यात तखल्लुस येते. हे नाव म्हणजे मुखपृष्ठावरची मालकीची खूण नव्हे, तो रचनेचा भाग होय. शेख महंमदांच्या एका प्रसिद्ध अभंगात त्यांनी स्वतःच्या नावाला ‘अविंध’ हा शब्द जोडला आहे. कान न टोचलेला, म्हणजे मुसलमान, अशा अर्थाचा हा बाहेरून चिकटवलेला शब्द. यमकाच्या जागी तो ठेवून पुढच्या चरणात कवी देवाच्या नावाशी त्याची गाठ घालतो. ऐक्याचा उपदेश येथे नाहीच. समाजाने दूर ठेवलेले दोन शब्द कानाला एक ऐकू येतात, एवढेच घडते. जे सांगायचे ते यमकाने केले आहे.

आता हेच मोमिन खाँ ‘मोमिन’ यांच्या मक्त्यांशी ताडून पाहावे. मोमिन म्हणजे श्रद्धावान. ग़ज़लेच्या संकेतात प्रेयसी ही ‘बुत’, म्हणजे मूर्ती. मूर्तीपुढे झुकणाऱ्या प्रेमिकाचे नावच श्रद्धावान असल्याने मक्त्यात जी मिस्कील कुचंबणा निर्माण होते, ती मोमिन यांची ओळख ठरली. एक कवी संत, दुसरा दिल्लीचा ग़ज़लकार. भाषा, काळ, वृत्ती सर्व निराळे. तरीही दोघे आपले नाव त्याच्या विरोधी शब्दासमोर आणून उभे करतात. मराठी घरातील आणि उर्दू घरातील विद्यार्थ्याने एकाच बाकावर बसून करावे असे हे विश्लेषण आहे, आणि त्यासाठी लागणारा कान दोघांकडेही आहे.

हा कान म्हणजेच आपले भांडवल. काफ़िया आणि रदीफ़ ही नावे ठाऊक नसलेल्या विद्यार्थ्यालाही रदीफ़ कोठे येणार हे ऐकून आधीच कळते. मोठ्या अभंगात पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्यात. म्हणून आवाज शेवटी आखूड होऊन थांबतो. शेरात पहिला मिसरा अपेक्षा निर्माण करतो आणि दुसरा ती पुरी करतो किंवा उलटवतो. सुरेश भटांची ‘गझलेची बाराखडी’ हाताशी असेल, तर या ऐकीव ज्ञानाला मराठी परिभाषाही मिळते.

यावरून वर्गातील क्रम सुचतो. कविता प्रथम परिचयाविना दोनदा मोठ्याने वाचावी. मग प्रत्येकाने ओळीओळीचा साधा अर्थ आपल्या घरच्या भाषेत सांगावा; रिचर्ड्‌स यांची पहिली अडचण येथेच उघडी पडते. त्यानंतर पुनरुक्त ध्वनी, यमकाची जागा, विचाराचे वळण यांवर खुणा कराव्यात. एखादा शब्द बदलला तर काय हरवते, हे विचारावे. कवीचे नाव, काळ व स्थळ शेवटी सांगावे आणि त्याने वाचनात काय बदलले ते चार ओळींत लिहून घ्यावे. ही पायरी गाळून चालणार नाही. ‘अविंध’ शब्दाला इतिहास आहे आणि तो न सांगता यमकाचे मोल कळत नाही. प्रश्न इतिहास सांगावा की नाही हा नसून, तो शब्दांच्या आधी सांगावा की नंतर, हा आहे.

हे सारे मूल्यमापनात उतरले नाही तर व्यर्थ होय. पाठ्यपुस्तकाबाहेरची एक लहान कविता प्रश्नपत्रिकेत द्यावी आणि एक विधान व त्याला कवितेतील एका शब्दाचा आधार, एवढ्यावर गुण द्यावेत.

अल्पसंख्य समाजाच्या शिक्षणसंस्थांना या प्रश्नाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. नावावरून माणूस ठरवला जाण्याचा अनुभव आपल्या विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर पुष्कळ मिळतो. कवितेचा तास ही अशी जागा व्हावी, जिथे आधी ऐकून घेतले जाते आणि नाव मागाहून विचारले जाते.