‘थांबवणारी’ गोळी



मघाशी प्रास्ताविकात सांगितलं गेलं की मी आज शस्त्रांवर बोलणार आहे. तेवढी एक दुरुस्ती करतो. मला बंदुकीतलं काही कळत नाही. एनसीसीत असताना खांद्याला बसलेला धक्का, एवढाच माझा अनुभव. मी आयुष्यभर युक्तिवाद शिकवले, तेव्हा आज एका युक्तिवादाचीच चिकित्सा करू. तो सव्वाशे वर्षांपूर्वीचा आहे आणि आज त्याच्यावर मोठा धंदा उभा आहे.

सुरुवात टेक्सासमधल्या एका घरापासून करतो. माझा एक जुना विद्यार्थी तिथे राहतो. काही वर्षांपूर्वी त्याच्याकडे गेलो होतो. रात्री जेवणं झाल्यावर त्याने कपाटातली छोटी तिजोरी उघडून पिस्तूल दाखवलं. शेजारी काडतुसांची दोन खोकी होती. एकात पन्नास, ती सरावाची, स्वस्तातली. दुसऱ्यात फक्त वीस, आणि ती बरीच महाग. मी विचारलं, “हा फरक कशाचा?” तो म्हणाला, “सर, ही गोळी अंगात शिरली की फुलते, आरपार जात नाही. भिंतीपलीकडे मुलगी झोपते ना.”

मी गप्प बसलो. एका बापाची काळजी होती ती, तिची थट्टा करणं बरं नव्हे. पण परतीच्या विमानात ते वाक्य डोक्यातून जाईना.

आधी ही गोळी काय करते ते पाहू. साध्या लष्करी गोळीत शिशाभोवती कठीण धातूचं पूर्ण कवच असतं. ती शरीरातून पुष्कळदा सरळ आरपार जाते. फुलणाऱ्या गोळीचं टोक पोकळ असतं किंवा तिथलं शिसं उघडं ठेवलेलं असतं. मांसात शिरताच ते टोक भूछत्रासारखं उलगडतं. गोळीची सगळी शक्ती आतच खर्च होते आणि जखम रुंद होते.

हिचं जुनं नाव ‘दमदम’. कलकत्त्याजवळच्या दमदमच्या शस्त्रशाळेत १८९० च्या दशकात कॅप्टन बर्टी-क्ले या इंग्रज अधिकाऱ्याने ती घडवली. वायव्य सरहद्दीवर पठाणांशी लढणाऱ्या सैन्याची तक्रार होती की नव्या ३०३ रायफलीची गोळी लागूनही माणूस थांबत नाही, पुढे येतच राहतो. मग गोळीच्या टोकावरचं कवच काढलं गेलं. १८९७-९८ च्या तिराहच्या मोहिमेत ती वापरली गेली.

पुढच्याच वर्षी, १८९९ मध्ये, हेगला शांतता परिषद भरली. अशा गोळ्यांवर बंदी घालावी असा प्रस्ताव आला. ब्रिटनचे प्रतिनिधी सर जॉन आर्डा यांनी त्याला विरोध केला. त्यांच्या युक्तिवादाचा आशय असा: सुधारलेल्या देशाच्या सैनिकाला गोळी लागली की आपण जखमी झालो हे त्याला कळतं, तो खाली पडून मदतीची वाट पाहतो. रानटी माणसाचं तसं नसतं, तो भाला घेऊन अंगावर धावतच राहतो. म्हणून त्याच्यासाठी वेगळी गोळी लागते.

परिषदेने हे मानलं नाही. ब्रिटन आणि अमेरिका विरोधात राहिले, पोर्तुगाल तटस्थ, आणि बंदी मंजूर झाली. आपण म्हणू, चला, विवेक जिंकला. पण ठरावाचा मजकूर बघा. सह्या करणाऱ्या राष्ट्रांमध्ये आपापसात युद्ध झालं तरच ती बंदी लागू होती. पठाणाची सही कोण घेणार? म्हणजे आर्डासाहेब मतदानात हरले, पण त्यांची माणसांची विभागणी ठरावातच राहून गेली.

यात केवळ युरोपचा दोष काढून आपल्याला सुटका नाही. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात युद्धाचे नियम आहेत. कर्णी बाण, म्हणजे आत रुतल्यावर बाहेर काढता न येणारा बाण, तसेच विषारी बाण वापरू नयेत. हात जोडलेल्याला, शस्त्र गमावलेल्याला मारू नये. फुलणाऱ्या गोळीवरची ही बंदीच, दोन हजार वर्षांपूर्वीची! अभिमान वाटावा असंच आहे. पण हा ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला का जाळला गेला, हेही आपल्याला ठाऊक आहे. रणांगणावर शत्रूला दिलेली दया गावकुसाबाहेरच्या माणसाला नाकारणारा धर्म तो. दयेचा नियम कितीही सुंदर असो, तो कोणासाठी आहे हे विचारल्याशिवाय त्याची किंमत कळत नाही.

आता वर्तमानाकडे येऊ. १९९८ च्या रोम संविधीनुसार युद्धात अशा गोळ्या वापरणं हा युद्धगुन्हा आहे. २०१० मध्ये कंपालाच्या परिषदेने ही तरतूद देशांतर्गत सशस्त्र संघर्षालाही लावली. आणि त्याच १९९८ साली न्यूयॉर्कच्या पोलिसांनी याच प्रकारच्या गोळ्या वापरायचा निर्णय घेतला.

इथे घाई करू नका. ही निव्वळ विसंगती नाही. पोलिसांची बाजू खरोखर विचार करण्यासारखी आहे. पोलिसाला गर्दीत गोळी झाडावी लागते. ती आरपार गेली तर मागच्या निरपराध माणसाला लागते. रणांगणावर ही अडचण सहसा नसते. म्हणून पोलिसांसाठी ही गोळी जास्त सुरक्षित, असं म्हणता येतं. मी हा युक्तिवाद मान्य करायला तयार आहे. पण त्याचे आधार लक्षात घ्या: प्रशिक्षित माणूस, गर्दीची जागा, आणि प्रत्येक गोळीचा हिशेब मागणारी व्यवस्था.

बाजारात काय होतं? आधार गळून पडतात आणि निष्कर्ष तेवढा खोक्यात भरून विकला जातो. कारखान्यातला दावा असतो दहा टक्के जिलेटिनच्या ठोकळ्याचा. अमेरिकेच्या एफबीआयच्या निकषानुसार गोळी त्यात बारा ते अठरा इंच शिरली पाहिजे. उलगडलेल्या गोळीचं छायाचित्र जाहिरातीत झळकतं. पण नेम चुकलेली गोळी जिलेटिनमध्ये जात नाही, भिंतीत जाते. अमेरिकन घरांतल्या आतल्या भिंती जिप्समच्या पातळ फळ्यांच्या असतात. गोळीच्या पोकळ टोकात तो भुगा भरला की ती अनेकदा फुलतच नाही, साध्या गोळीसारखी पलीकडे जाते. माझ्या विद्यार्थ्याचा सगळा भरवसा नेमक्या त्याच भिंतीवर होता.

१९९१ मध्ये विंचेस्टर कंपनीने ‘ब्लॅक टॅलन’ नावाची काळी गोळी आणली. टॅलन म्हणजे शिकारी पक्ष्याची नखी. ओरड झाली, तेव्हा १९९३ मध्ये तिची सर्वसामान्यांसाठीची विक्री कंपनीने थांबवली. इतर कंपन्यांच्या फुलणाऱ्या गोळ्या मात्र दुकानात तशाच राहिल्या. लोकांना खटकलं ते नाव आणि तो रंग. गोळीमागचा विचार कुणाला खटकला नाही.

हा धंदा वाढतो कशावर? बंदूक काही साबण नव्हे, नीट ठेवली तर नातवापर्यंत टिकते. तेव्हा विक्री वाढवायची तर नवी कारणं लागतात, आणि सगळ्यात टिकाऊ कारण म्हणजे भीती. २०१९ मध्ये अमेरिकेत बंदूकखरेदीशी संबंधित पार्श्वभूमी-तपासण्या सुमारे २ कोटी ८४ लाख होत्या. २०२० मध्ये, म्हणजे महासाथ, रस्त्यावरची आंदोलनं आणि निवडणूक यांच्या वर्षात, त्या ३ कोटी ९७ लाखांच्या घरात गेल्या. एप्रिल २०२१ ला संपलेल्या वर्षात स्मिथ अँड वेसन या कंपनीची विक्री प्रथमच १०० कोटी डॉलरच्या वर गेली. पुढच्या वर्षी ती ८६ कोटींवर आली, त्याच्या पुढच्या वर्षी ४८ कोटींवर. तापमापकावरचा पारा असावा तसे हे आकडे आहेत.

आणि ही भीती कोणाची? जाहिरातीतला शब्द आहे ‘थांबवण्याची ताकद’. आर्डांचाही शब्द तोच होता. ‘थांबवणे’ हे सकर्मक क्रियापद आहे. कोणाला थांबवायचं हे सांगितल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. १८९९ मध्ये ते कर्म उघड बोललं गेलं: रानटी माणूस. आज ते गाळलं जातं आणि त्या जागी ‘धोका’ हा शब्द बसतो. धोक्याला चेहरा नसतो, त्यामुळे प्रत्येक जण आपल्या मनातला चेहरा तिथे चिकटवतो.

ऑक्टोबर १९९२ मध्ये लुइझियानातल्या बॅटन रूज गावात एक सोळा वर्षांचा जपानी विद्यार्थी हॅलोवीनच्या मेजवानीला निघाला आणि चुकून दुसऱ्याच घराची घंटा वाजवून बसला. घरमालक पिस्तूल घेऊन बाहेर आला आणि ‘थांब’ या अर्थाचा इंग्रजी शब्द ओरडला. मुलगा थांबला नाही, पुढे येत राहिला. गोळी लागून तो गेला. फौजदारी खटल्यात घरमालक निर्दोष सुटला. पठाणाबद्दलची तक्रार हीच होती ना? तो थांबत नाही, पुढे येतच राहतो.

परत आल्यावर मी माझ्या विद्यार्थ्याला फोन केला. त्याला म्हटलं, “तुझ्या मुलीची काळजी खरी आहे, ती मी खोडून काढणार नाही. एकच विचारतो. रात्री पत्ता चुकून तू दुसऱ्याच्या दाराशी उभा राहिलास, तर त्या घरातल्या माणसाला कोण दिसेल?” बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, “सर, मी.” जरा थांबून म्हणाला, “म्हणजे तो.”

त्याने पिस्तूल विकलं का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. पण गाळलेलं कर्म त्याने स्वतः वाक्यात परत आणलं, आणि चिकित्सेचं काम एवढंच असतं. पुढचा निर्णय त्याचा आहे.