चौरंगी सामन्यांचीं वर्तमानपत्री वृत्तें : साधनचिकित्सा

चेंडूफळीच्या सामन्यांचीं वृत्तें हें इतिहासाचें साधन होय, असें म्हटल्यास कित्येक संग्राहक हंसतील. जुन्या पत्रांतील अग्रलेख जपावा आणि खेळाचें पान रद्दींत घालावें, अशी वहिवाटच आहे. परंतु मुंबईच्या सामन्यांपुरतें पाहिलें तर या पानानें वाचकास नुसतें वृत्त दिलें नाहीं, पक्ष दिला.

1892 पासून युरोपियन व पारशी यांचे सामने होत. 1907 त हिंदु, 1912 त मुसलमान व 1937 त 'इतर' हा पांचवा संघ आला. संघांचीं नांवें जिमखान्यांचीं. पण तीं मैदानाबाहेर नेलीं छापखान्यानें. मथळ्यांत अकरा खेळाडू हरत नाहींत, 'हिंदु' हरतात, 'मुसलमान' जिंकतात. ज्यानें मुंबईचें मैदान कधीं पाहिलें नाहीं, असा दूरचा वर्गणीदारहि मग 'आपण जिंकलों' असें म्हणूं लागतो.

एकाच निकालाचा अर्थ पत्रागणिक बदलतो, हेंहि ध्यानांत घ्यावें. फेब्रुवारी 1906 त हिंदूंनीं युरोपियनांस 109 धावांनीं हरविलें. त्या संघांत चांभार समाजांतील पळवणकर बाळू होते. 'इंडियन सोशल रिफॉर्मर' नें या विजयांतून जातिभेदाविरुद्धचा धडा काढला. धावांचा हिशेब तोच. वाचकाचें लक्ष मात्र सुधारणेकडे वळविलें.

कोष्टक बोलतें त्याहून अधिक लपवितें. त्यांत अकरा नांवें एकाखालीं एक येतात, तेथें पंगतिभेद दिसत नाहीं. पुण्यास याच बाळूंना चहा तंबूबाहेर, मातीच्या निराळ्या भांड्यांत मिळे. धावांच्या रकान्यांत त्या भांड्यास जागा कोठून असणार? (सूचिकारांनीं 'पी. बाळू', 'पी. विठ्ठल' यांतील 'पी.' हें आडनांवाचें आद्याक्षर समजावें, वडिलांच्या नांवाचें नव्हे.) 1920 त कर्णधारपदाच्या वादावरून विठ्ठल व शिवराम हे बंधु संघाबाहेर राहिले आणि त्यांनीं आपलें म्हणणें जाहीर पत्रकानें मांडलें. 1923 त विठ्ठल कर्णधार झाले व हिंदु विजयी ठरले. या दोन घटनांमधलीं वर्षें ज्याला समजून घ्यावयाचीं आहेत, त्याला कोष्टक पुरणार नाहीं. विठ्ठल यांचें 'माझें क्रीडा-जीवन' हें आत्मवृत्त शेजारीं ठेवावें; मात्र तें 1948 चें, म्हणजे पंचवीस वर्षांनंतरचें आहे, हें विसरूं नये. बखर आणि समकालीन पत्र यांस आपण जो न्याय लावतों, तोच येथें लावावा.

'बॉम्बे क्रॉनिकल' चें उदाहरण सर्वांत बोधक आहे. संपादक ब्रेल्वी यांच्या काळांत हें पत्र जातवार सामन्यांचें कट्टर विरोधक होतें. डिसेंबर 1940 त महात्मा गांधींनींहि ते बंद व्हावे असें मत दिलें. तरी सामन्यांचीं वर्णनें त्याच पत्रांत येत राहिलीं. अग्रलेख ज्या भावनेचा निषेध करी, तिलाच आंतलें पान खाद्य पुरवी. नुसत्या अग्रलेखावरून पत्राचें धोरण ठरविणारा अभ्यासक येथें फसेल. 1946 त सामने बंद झाले, त्याचें सारें श्रेय पत्रांच्या टीकेस देणेंहि मला पटत नाहीं. त्या वर्षाचें राजकारण निराळेंच होतें.

म्हणून संग्राहकांस विनंति इतकीच, कीं कात्रणें कापूं नयेत. कापणारा धावा ठेवतो आणि शेजारचा वाचकांचा पत्रव्यवहार टाकतो. 1937 त ब्रेबोर्न स्टेडियमवरील आसनांच्या वांटपावरून हिंदु संघ सामन्यांत उतरलाच नाहीं. त्या वर्षीं हिंदूंच्या धावांचें कोष्टक मिळणार नाहीं, वादाचा शोध पत्रव्यवहाराच्या रकान्यांतच घ्यावा लागेल. अंक सबंध, तारखेसह व आवृत्तीच्या उल्लेखासह ठेवावा.