जस्त, कॅस्पेझ आणि नियोजित पेशीमृत्यू : एका प्रचलित विधानाची चिकित्सा

'जस्त नियोजित पेशीमृत्यूस प्रतिबंध करते' हे विधान पदवी व पदव्युत्तर अध्यापनात सर्रास केले जाते. ते असत्य नाही. परंतु ज्या प्रयोगांवर ते उभे आहे, त्यांचे स्वरूप पाहता अपुरे निश्चितच आहे.

१९८४ मध्ये कोहेन व ड्यूक यांना थायमस ग्रंथीच्या पेशींत जस्तामुळे डीएनएचे विखंडन थांबल्याचे आढळले. जस्त कॅल्शियम-मॅग्नेशियमवर अवलंबून असणाऱ्या एंडोन्यूक्लिएझला रोखते, असा त्याचा अर्थ लावला गेला. १९९७ मध्ये मात्र कॅस्पेझ-३ हे विकर जस्ताच्या कितीतरी अल्प मात्रेतच निष्क्रिय होते, असे दिसून आले. निरीक्षण तेच राहिले, कारण बदलले. प्रचलित वाक्याला मात्र त्याची झळ लागली नाही. मात्रेचा प्रश्नही उरतोच. अशा प्रयोगांत जस्त बहुधा शेकडो मायक्रोमोलर ते काही मिलिमोलर इतके दिले जाई. माध्यमातील प्रथिने त्यातील बराच अंश बांधून ठेवतात हे मान्य केले, तरी पेशीतील मुक्त जस्ताच्या पिकोमोलर पातळीशी त्याची तुलना सहजासहजी करता येत नाही.

खरी अडचण प्रथिनांच्या रचनेत आहे. कॅस्पेझच्या सक्रिय स्थानी सिस्टीनचा गंधकयुक्त गट असतो. जस्त तेथे बांधले गेल्यास विकर थांबते. कॅस्पेझ-६ मध्ये तर ते सक्रिय स्थानापासून दूर बांधले जाऊनही विकरास निष्क्रिय रूपातच रोखून धरते, असे २०१२ मध्ये दाखविण्यात आले. याउलट कॅस्पेझांना आवर घालणाऱ्या एक्सआयएपी या प्रथिनात तीन सिस्टीन व एक हिस्टिडीन मिळून जस्ताचा अणू धरून ठेवतात आणि त्यावर त्या खंडाची घडी टिकून असते. येथे जस्त काहीच रोखत नाही. रोखणाऱ्याला आकार देते.

म्हणूनच टीपीईएन या रसायनाने जस्त काढून घेतल्यावर पेशी मरतात, यावरून नेमके काय सिद्ध होते, हे विचारणे आवश्यक ठरते. कॅस्पेझवरील प्रत्यक्ष बंधन सुटते आणि एक्सआयएपीची पातळीही झपाट्याने घटते, हे २००८ मध्ये दिसून आले. एकाच प्रयोगात दोन्ही लगाम सुटत असल्याने त्यांचा वाटा वेगळा काढता येत नाही. पीएसी-१ या संयुगाचा इतिहासही असाच बोलका आहे. २००६ मध्ये ते प्रोकॅस्पेझ-३ चे थेट सक्रियक मानले गेले. २००९ मध्ये ते रोधक जस्त काढून घेऊन कार्य करते, असे निष्पन्न झाले. ही दुरुस्ती मूळ शोध लावणाऱ्या गटानेच केली, हे विशेष.